पत्नीच्या रकान्यात एकच ओळ

मेलबर्न, ६ मार्च १९८३

दादा,

नमस्कार आधी, भांडण नंतर. भांडण तुझ्याशी नाही, म्हणून निवांत वाच.

आम्ही सगळे ठीक आहोत. गेल्या महिन्यातल्या आगी आमच्यापासून लांब होत्या, तरी दोरीवरच्या कपड्यांना आठवडाभर धुराचा वास येत होता. आईचे गुडघे इथल्या कोरड्या हवेत बरे आहेत. आमची विनीता तिच्याशी इंग्रजीत बोलते, आई तिला मराठीत उत्तर देते, आणि दोघींचं माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

आता भांडण. मी ज्या लायब्ररीत काम करते तिच्या हॉलमध्ये एकाआड एका शनिवारी स्कॉटिश वंशाची मंडळी जमतात. त्यांची क्लॅन सोसायटी आहे. क्लॅन म्हणजे आपल्याकडची भावकी समज, फक्त तलवारी आणि गलबतं असलेली. राज्याच्या दीडशेव्या वर्षाचं निमित्त करून त्यांना कुळाचा इतिहास छापायचाय. अध्यक्ष कीथ, रेल्वेतून रिटायर झालेले, चाळीस डिग्रीतही लोकरीचा किल्ट, तो पुरुषांचा चौकटींचा घागरा, घालून येतात. मला म्हणाले, "तू हिस्टरीवाली ना? मग वंशावळ तूच लाव, लव्ह." पुण्याच्या एम.ए.ला बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी काम दिलं, म्हणून मी हरखून हो म्हटलं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात शेकडो बेटं आहेत. चौदाव्या शतकात तिथे एका कुळाचं जवळजवळ स्वतंत्र राज्य होतं. प्रमुख स्वतःला बेटांचा स्वामी म्हणवायचा. नवा स्वामी गादीवर यायचा तेव्हा दगडात कोरलेल्या पावलात पाऊल ठेवून उभा राहायचा, म्हणजे आधीच्यांच्या पावलावर पाऊल टाकीन अशी शपथ. अंगात पांढरी वस्त्रं, हातात पांढरी काठी. काठी अशासाठी, की राज्य करायचं ते न्यायाने.

तर यांच्यातला जॉन. याने एमी नावाच्या मुलीशी लग्न केलं, पोपची परवानगी आणून, रीतसर. तिला मुलगे झाले. पुढे तिच्या भावाचा खून झाला आणि तिच्या माहेरची बेटं आणि किनारा तिच्यामार्फत जॉनकडे आले. मग साधारण १३५० मध्ये जॉनने दुसरं लग्न केलं. मुलगी रॉबर्ट नावाच्या बड्या सरदाराची, मार्गारेट. हा रॉबर्ट पुढे स्कॉटलंडचा राजा झाला. एमीला बाजूला सारलं. तिचं माहेर मात्र ठेवून घेतलं.

हा इतिहास झाला, त्यावर सहाशे वर्षांनी चिडून उपयोग नाही, हे मला कळतं. मी चिडले ते कीथच्या तक्त्यावर. त्यात जॉनच्या पुढे एकच बायको आहे, मार्गारेट. आणि एमीचे मुलगे, थोरल्या रॅनल्डसकट, मार्गारेटच्या नावाखाली लटकवलेत. मी म्हटलं, ही हिची मुलं नाहीत. कीथ म्हणाले, "बाप एकच आहे ना? आणि तक्त्यात बायकोसाठी एकच ओळ आहे."

एकच ओळ आहे. दादा, घरी येऊन मी डायरीत हे वाक्य लिहिलं आणि राग इतका होता की निब वाकलं.

तुमच्या कुलवृत्तांताचं काय झालं? दोन वर्षांपूर्वी आपल्या शाखेचा फॉर्म मी भरून पाठवला होता. चारुदत्तकाकांनी पोच दिली, मग गप्प. आपल्याकडे निदान असले घोळ होणार नाहीत.

श्यामल

पुणे, २४ मार्च १९८३

श्यामल,

पत्र मिळालं. ऑफिसात वाचलं. कालव्याच्या नकाशांवर पसरून वाचल्यामुळे एमीच्या बेटांवर थोडी शाई सांडली आहे, ती माफ कर.

कुलवृत्तांत छापखान्यात आहे. चारुदत्तकाका मंडळाचे चिटणीस झाल्यापासून रस्त्यात कुणी भेटलं तर आधी त्याचं गोत्र विचारतात. आपल्या शाखेचं प्रूफ परवा दिलं मला. शाखेतल्या थोरल्या पुरुषाने सही केल्याशिवाय पान छापत नाहीत, आणि अप्पा गेल्यापासून तो मी. तू लिहिलं होतंस तसंच छापलंय, एक वेलांटीही चुकलेली नाही.

मध्ये चार दिवस गुहागरला जाऊन आलो. तिथे दुखणं आहे, पुन्हा जावं लागेल.

मला एक सांग. त्या थोरल्या मुलाचं, रॅनल्डचं, पुढे काय झालं? बापामागे काठी त्याला मिळाली का?

आईला नमस्कार.

माधव

मेलबर्न, १० एप्रिल १९८३

दादा,

नाही मिळाली. आणि कशी नाही मिळाली ते ऐकलंस तर तुझाही पारा चढेल, जो गेल्या चाळीस वर्षांत मी चढलेला पाहिलेला नाही.

जॉन मेला तेव्हा बेटांचा सगळा कारभार रॅनल्डच्या हातात होता. माणसं त्याच्या बाजूची होती. पण बापाने ठरवून ठेवलं होतं की गादी मार्गारेटच्या मुलाला, डोनल्डला. कारण त्याचा आजा राजा. आणि रॅनल्डने काय करावं? एग नावाच्या बेटावर सगळ्यांना बोलावलं आणि स्वतःच्या हाताने काठी धाकट्या सावत्र भावाला देऊन टाकली. त्या कुळाच्या परंपरागत इतिहासकारांनी लिहून ठेवलंय, बेटांवरच्या लोकांना हे मान्य नव्हतं. लोकांना मान्य नव्हतं, याला होतं.

कीथना हे फार आवडतं. "जंटलमन होता रॅनल्ड," म्हणाले. "घर फुटू दिलं नाही." मी विचारलं, घर कुणाचं? त्याच्या आईला त्या घरातून काढलेलं होतं. ती जिवंत होती की नव्हती हेसुद्धा कुणी नीट लिहिलेलं नाही. तर म्हणाले, "नो वरीज, तळटीप टाकू." मी म्हटलं, तळटीप नको, ओळ हवी. मग जरा गंभीर झाले. "हे बघ, हे युनिव्हर्सिटीचं काम नाही. फॅमिलीचं आहे. फॅमिलीत काही गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, त्या लिहायच्या नसतात."

मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही. शैलेंद्र न्यायला आले होते. गाडीत म्हणाले, "एमीबाईंनी तुला वकीलपत्र दिलंय का?" मी गाडीतला रेडिओ मोठा केला.

पण खरं सांगू, मला आता जॉनपेक्षा रॅनल्डचा राग येतो. जॉन स्वार्थी होता, ते समजतं. हा तर तिचा मुलगा. ज्याला भर सभेत आपल्या आईचं नाव घेता आलं नाही, त्याने काठी दिली काय आणि ठेवली काय. असल्या सभ्यपणाला मी भेकडपणा म्हणते.

प्रूफवर सही करून टाक ना, कशाला अडवून ठेवलंस? आणि तुझं ते गुहागर काही सुटत नाही. आंब्याच्या दिवसांत नेमकं कुणाचं तरी दुखणं निघतं, असं लहानपणापासून बघतेय.

श्यामल

पुणे, २ मे १९८३

श्यामल,

सही करून टाकणार होतो. तुझं पत्र आलं त्या दिवशी पेन हातात होतं. मग ते 'आईचं नाव घेता आलं नाही' वाचलं आणि टोपण लावलं.

तुला दुखवायचं नाही. पण तू इतिहास शिकलेली आहेस, तेव्हा घटना क्रमाने सांगतो. यातली एकही तुला नवी नाही.

अप्पांचं पहिलं लग्न १९३४ साली झालं. मुलगी गुहागरची, नाव वेणू. आपल्या घरात थोरल्या सुनेचं नाव जानकी ठेवायची रीत, म्हणून ती जानकी झाली. अप्पांचं वकिलीचं शिक्षण तिच्या वडिलांनी केलं. ३६ साली मी झालो. ३८ साली अप्पांनी साताऱ्याच्या मुन्सफांच्या मुलीशी दुसरं लग्न केलं. तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. मुन्सफ पुढे डिस्ट्रिक्ट जज्ज झाले. आता थोरली सून ही, म्हणून ही पण जानकी. वेणूला माहेरी पाठवली. मी पाच वर्षांचा झाल्यावर मला शाळेसाठी साताऱ्याला आणलं. तू तेव्हा वर्षाची होतीस. आईने, म्हणजे तुझ्या आईने, मला कधी सावत्रपणे वागवलं नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

दर मे महिन्यात मी गुहागरला जायचो आणि तू रडायचीस, दादाचं आजोळ वेगळं का म्हणून. सगळे हसायचे. मग तू विचारणं सोडून दिलंस.

आता प्रूफ. शब्द न शब्द तुझा आहे: 'पत्नी: जानकी, माहेर सातारा. अपत्ये: माधव, श्यामला.' तुमच्या कीथने केलं ते आणि हे यात मला फरक सापडला नाही. मी शोधला. फॉर्ममध्येही बायकोसाठी एकच ओळ होती.

तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला माहीत आहे. तुला ती आठवलीच नाही. मुद्दाम केलं असतंस तर मला कमी लागलं असतं.

आणि मी ते पाहून गप्प सही करणार होतो. कारण आईचं वय झालं, ती तुझ्या घरी आहे, कशाला उकरायचं. तू याला भेकडपणा म्हणतेस. असेल. पण तुझ्या रॅनल्डने काठी दिली तेव्हा समोर उभा असलेला धाकटा भाऊ त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेला असेल, हे त्या इतिहासकारांनी लिहिलंय का?

गुहागरला ती आजारी आहे ते आंब्यांमुळे नाही. हृदय मोठं झालंय, पाय सुजतात. डॉक्टर म्हणतात, पावसाळा निघाला तर बघू. तिला अजून विचारतात, तुम्ही अमक्यांच्या कोण? ती म्हणते, मी माधवची आई. तेवढंही छापलेलं खोटं ठरवेल.

काकांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

माधव

मेलबर्न, १४ मे १९८३

दादा,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला चार दिवस लागले. चार मसुदे फाडले. पहिल्या तिन्हींत मी माझी बाजू मांडत होते.

म्हणून आता बाजू न मांडता लिहिते. मला माहीत होतं. तू म्हणतोस आठवली नाही, ते तुझं मोठं मन. फॉर्म भरला त्या दिवसाची डायरी काढून पाहिली. त्यात लिहिलंय, 'फॉर्म पूर्ण केला. दादाचा प्रश्न एका ओळीत आपोआप सुटला, बरं झालं.' म्हणजे प्रश्न आहे हे मला ठाऊक होतं. दोघींचं नाव एक होतं याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. कीथ निदान किल्ट घालून उघड बसतात. मी पंचेचाळीसाव्या वर्षाकडे निघालेली बाई, स्वतःला काटेकोर समजते, तारखा तीनदा तपासते, सहाशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी भर हॉलमध्ये आवाज चढवते, आणि जिवंत बाई माझ्याच हाताने पुसते. तिचं नाव वेणू हे मी तुझ्या पत्रात पहिल्यांदा वाचलं. पहिल्यांदा, दादा.

सोसायटीचं काम मी सोडलं. कीथना चिठ्ठी दिली की माझी पात्रता नाही. त्यांना वाटलं डिग्रीबद्दल बोलतेय. "डोंट बी सिली," म्हणाले.

मग आईकडे गेले. मला वाटत होतं, हे तिच्यापासून जपायला हवं. आपण दोघंही चाळीस वर्षं तिला जपतोय. ती मागच्या अंगणात कोथिंबिरीला पाणी घालत होती. मी म्हटलं, आई, कुलवृत्तांतात दादाच्या आईचं नाव नाही. ती पाणी घालत राहिली. म्हणाली, "माहीत आहे."

"कसं?"

"तू फॉर्म भरत होतीस तेव्हा मी समोर वाटाणे सोलत बसले होते. म्हटलं, आता विचारील, मग विचारील. तू पाकीट चिकटवलंस."

"मग तू का नाही बोललीस?"

"मी कोण बोलणार? तिच्या जागेवर बसलेली मी. बोलायचं तर तुम्ही, शिकलेल्यांनी."

मी रडायला लागले तर तिला राग आला. आईला रागावलेली मीही फार वेळा पाहिलेली नाही. नळ बंद करून म्हणाली, "रडून काय होणार आहे? मी सोळा वर्षांची होते. मला सांगितलं, पहिली वारली. मुलगा आहे. लग्नानंतर चार महिन्यांनी गुहागरहून पत्र आलं तेव्हा कळलं, वारली नाही. मी वडिलांना विचारलं. जज्जसाहेब म्हणाले, असं विचारायचं नसतं. तिचं नाव मला दिलं, तिचा मुलगा मला दिला, आणि वर म्हणायचे, नशीबवान आहेस."

हे मला त्रेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मार्गारेटला कुणी विचारलं असेल का, असं एकदा मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली, की मला सरळ काही कळायला आधी ती बेटं लागतात.

दादा, सही करू नकोस. सोबत नवा मजकूर आहे. 'प्रथम पत्नी: वेणू, सासरचे नाव जानकी, माहेर गुहागर. पुत्र: माधव. द्वितीय पत्नी: मनोरमा, सासरचे नाव जानकी, माहेर सातारा. कन्या: श्यामला.' खाली आईची सही आहे. तिने स्वतः मागून केली. हात थरथरतो म्हणून वेळ लागला, पण मला धरू दिला नाही.

काका नाही म्हणतील. तू काठी देऊ नकोस. मागच्या पत्रात मी जे बोलले, ते म्हणायचा हक्क मला नव्हता. ते शब्द परत घेते. पण काठी देऊ नकोस.

श्यामल

गुहागर, २५ जून १९८३

श्यामल,

हे पत्र तिच्या पलंगाशेजारी बसून लिहितोय. ती विचारते, किती लांब लिहितोस, एवढं काय घडलंय.

घडलंय असं. तुझा मजकूर घेऊन मी काकांकडे गेलो. काका म्हणाले, "माधव, सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी लिहायच्या नसतात." मला हसू आलं. त्यांना वाटलं मी मानलं. मग म्हणाले, पाने लागलेली आहेत, पुरवणी काढू तेव्हा बघू. मी म्हटलं, तोवर ती राहायची नाही. ते म्हणाले, मग तर प्रश्नच नाही.

इथे माझा पारा चढला, तुला पाहायचा होता तो. मी आवाज चढवला नाही, मला ते येत नाही. एवढंच म्हटलं की सही होणार नाही, आणि आपली शाखा पहिली असल्यामुळे तिच्यावाचून पुस्तक बांधता येणार नाही. ते म्हणाले, दोनशे माणसं खोळंबतील. मी म्हटलं, ती पंचेचाळीस वर्षं खोळंबली आहे. उठून आलो. ऑफिसात दुपारभर एकही रेघ सरळ आली नाही.

नंतर इथे आलो आणि तुझा मजकूर तिला वाचून दाखवला. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "जानकी कशाला लिहिलंय?"

मी सांगितलं, सासरचं नाव लागतं, रीत आहे.

"ते नाव त्यांचं होतं. मला घालवलं तेव्हा त्यांनी काढून दुसरीला दिलं. दिलेलं मी परत नाही घेत. तिलाच राहू दे, तिने निभावलंय. माझं वेणू लिही. आणि माधवची आई."

म्हणजे आता काकांपुढे आणखी एक संकट. आपल्या कुलवृत्तांतात आजवर एकाही सुनेची नोंद नुसत्या माहेरच्या नावाने नाही. मी तसं लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि खाली लिहिलं, याखेरीज सही नाही. सतरा दिवस उत्तर नाही. त्यातले दोन दिवस तर मीच वाकायला निघालो होतो, म्हटलं, जानकी राहिलं तर काय बिघडतं. मग तुझ्या आईची थरथरती सही काढून पाहत होतो. अठराव्या दिवशी प्रूफ आलं. पत्र नाही, नुसतं प्रूफ. 'प्रथम पत्नी: वेणू, माहेर गुहागर. पुत्र: माधव.'

तिचा चष्मा सापडेना, म्हणून मीच दोनदा वाचलं. तिने दोन्ही वेळा डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. कर सही." केली.

मग मी तिला तुझी एमी सांगितली. बेटं, दगडातलं पाऊल, पांढरी काठी, सगळं. रॅनल्डचं ऐकून म्हणाली, "पोर गरीब स्वभावाचं असेल." मग कूस बदलली. थोडा वेळ डोळा लागला असं वाटलं. पण झोपली नव्हती. मला विचारलं, "तिकडे ऑस्ट्रेलियात त्या बाईचं नाव लावलं का त्यांनी मग? श्यामला भांडत होती ना?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

तू ते काम सोडलंस हे मी तिला सांगितलेलं नाही. कीथचं पुस्तक अजून छापायला गेलं नसेल. तिला काय सांगू, ते कळव. पत्र लवकर टाक.

माधव